टेंपरेचरचा काटा बिघडला म्हणता? आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की सोलापुरात जुन्या गाड्यांची ठरलेली तक्रार सुरू होते. कुणाचा काटा एचला (गरम) टेकतो, कुणाचा सीवरून (थंड) हलतच नाही. बाहेर ४२-४३ अंश, सात रस्त्याच्या गर्दीत गाडी पाच मिनिटं अडकलेली, आणि मालकाचा निकाल तयार: "मीटर गेलं." मीटर क्वचितच जातं. तरी आधी डॅशबोर्डच उघडला जातो. त्यात प्लास्टिकची दोन-चार लॉक तुटतात, स्पीडोमीटरची केबल निसटते, आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे राहतो.

इथलं सगळं कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अँबेसिडर अशा, एका वायरच्या सेंडरवाल्या गाड्यांबद्दल आहे. इंजिनवर, बहुधा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) घराजवळ किंवा इनटेक मॅनिफोल्डवर, एक पितळी बोंड असतं. तोच सेंडर. मिस्त्री त्यालाच सेन्सर म्हणतात. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो, करंट वाढतो, काटा चढतो. वायर एकच, कारण सर्किटचं दुसरं टोक म्हणजे बोंडाचं अंग. तिथून आट्यांतून इंजिनला आणि इंजिनमधून बॅटरीच्या निगेटिव्हला. एवढं डोक्यात बसलं तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं, असं समजणं

सगळ्यात महागडी चूक हीच. ती नेमकी कशी घडते ते बघा. नवरात्रात पाच माणसं भरलेली ८०० तुळजापूरच्या घाटाला लागते. खालच्या होजपाइपाच्या क्लॅम्पमधून आठवडाभर थेंब थेंब पाणी गळत असतं. रोज टॉपअप करून दुर्लक्ष केलेलं. चढावर काटा मध्याच्या वर सरकतो. चालक एसी बंद करतो, काचा खाली घेतो. दोन वळणांनंतर काटा आपोआप खाली येतो. "उतरलं बघा," म्हणत गिअर पडतो. उतरलेलं असतं पाणी. पातळी सेंडरच्या खाली गेली की बोंड हवेत उघडं पडतं. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, म्हणून काटा सीकडे आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, भट्टीत. थोड्या वेळात ओढ कमी होते, इंजिन टकटक करायला लागतं, आणि घाट चढेपर्यंत हेड वाकलेलं असतं. मग हेड खोला, लेथवर फेसिंग करा, नवं गॅस्केट टाका. इतकं होऊन गॅरेजमध्ये पहिलं वाक्य काय? "मीटर खोटं दाखवत होतं."

चढलेला काटा कारणाशिवाय झपकन पडला तर गाडी बाजूला घ्या. हीटर असेल तर पूर्ण गरमवर लावून बघा. इंजिन तापलेलं असताना हवा गार आली तर आत पाणी नाही. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि किमान पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११० अंशांनाही न उकळता बसलेलं असतं. झाकण फिरवलंत की तेच उसळून तोंडावर येतं. घाईला औषध नाही, आणि लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतायची घाई तर ब्लॉकला तडा देऊनच थांबते.

दोन मिनिटांची वायर-परीक्षा न करता पार्ट आणणं

इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर काढा, काटा सीवर पडला पाहिजे. आता ती वायर, मीटरमध्ये लागतो तसल्या ३.४ वॅटच्या छोट्या बल्बमधून इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. काटा वर चढला पाहिजे. जुन्या मीटरमध्ये तापणारी पट्टी असते, म्हणून तो सावकाश चढतो. चार सेकंदांत "हलला नाही" म्हणून सोडू नका. बल्ब न लावता वायर थेट इंजिनला धरून ठेवणारे मीटर जाळतात.

दोन्ही बरोबर झालं तर मीटर आणि वायर ठीक. राहिला सेंडर आणि त्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग: बोंडाच्या अंगातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वाट. वायर काढूनही काटा एचवरच असेल तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. बल्ब लावूनही मेला असेल तर फ्यूज, तुटलेली वायर, आणि अगदी शेवटी मीटर. पेट्रोलचा काटाही सोबत वेडावाकडा चालत असेल तर मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा क्लस्टरचा (डॅशबोर्डवरच्या मीटरपेटीचा) अर्थ तपासा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकतो? अर्थच.

ही परीक्षा फक्त एका वायरच्या सेंडरवर. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, दोन वायरचा सेन्सर वेगळा, रेडिएटर फॅनचा स्विच वेगळा. तिथे वायरी टेकवत बसू नका.

सेंडरवर टेफ्लॉन टेप

नळाचं काम आणि गाडीचं काम एकच समजणाऱ्यांची ही लाडकी सवय. आट्यांवर पाच-सहा वेढे टेप गुंडाळली की पाणी गळत नाही, पण अर्थही तुटतो. काटा अर्ध्यावर लोंबकळतो, मग "नवा सेंडर डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण. खात्री करायला एका वायरचं एक टोक सेंडरच्या षटकोनी अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. काटा सुधारला तर दोष टेपचा किंवा इंजिनच्या अर्थ पट्टीचा. टेप काढा, आटे पितळी ब्रशने साफ करा, लागलंच तर वरच्या एक-दोन आट्यांना सीलंटचं बोट फिरवा. आवळताना पान्याला लोंबकळू नका. घर ॲल्युमिनियमचं असतं.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"सोलापूरच्या उन्हात त्याची गरजच काय?" हा सल्ला फुकट मिळतो आणि त्याची लायकीही तेवढीच. थर्मोस्टॅट नसला की पंढरपूर रस्त्यावर ७०-८०च्या वेगात पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. काटा पाव रेषेच्या वर येत नाही, आणि लोक सेंडर बदलत सुटतात. पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये काळा गाळ धरतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपास बंद करते. तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे उन्हाळ्यात उलट जास्त ताप.

तपासायला स्वयंपाकघर पुरतं. थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर पातेल्यात लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका. अंगावर ८२ छापलं असेल तर त्या सुमारास उघडायला लागून पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. त्याच पाण्यात सेंडरही तपासून घ्या. मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलला, दुसरी अंगाला. गार असताना काहीशे ओहम आणि उकळीला काही दहा, अशी सलग घसरण दिसली पाहिजे. मध्येच आकडा उडाला तर सेंडर गेला. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, पाणी ९८-९९ला उकळतं. थर्मामीटरवर १०० दिसले नाहीत म्हणून त्याला दोष देऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बोअरचं पाणी भरणं. सेंडरच्या टोकावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि काटा उशिरा, कमी दाखवतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला.

पाणी बदलल्यावर हवा न काढणं. झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर लावून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गाडी आयडलवर चालवा. बुडबुडे थांबले की भरून झाकण लावा. नाहीतर काटा उड्या मारणारच.

इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखणं. आकडा कमी येतो. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग मोजा.

आटे जुळले म्हणून दुसऱ्या गाडीचा सेंडर बसवणं. बसतो, पण त्याच्या रोधाचं गणित वेगळं.

आणि सगळ्यात हलकट जुगाड: काटा वर राहतो म्हणून सेंडरच्या वायरीत रेझिस्टर जोडून तो मध्यावर आणणं. जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून सेंडरपासून ती वायर बोटांनी चाचपत फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत, जा. मध्येच काळ्या टेपचं गाठोडं लागलं तर सौदा ठरवण्याआधी ते सोडून बघा.