ग्रॅनाइटचा ओबेलिस्क खाणीतून कसा सुटा करत

चुनखडक तांब्याच्या छिन्नीनेही निघतो. ग्रॅनाइटवर तीच छिन्नी बोथट होते. मग प्राचीन इजिप्तच्या कामगारांनी अखंड ग्रॅनाइटचे ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचे उंच, चौकोनी, वर टोकदार होत जाणारे स्तंभ, काढले कसे? इजिप्तमधल्या आस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा, हजार टनांहून जड असा एक अर्धवट ओबेलिस्क पडून आहे. त्याच्या अंगावरच्या खुणा वाचल्या की कामाचा क्रम कळतो.

१. आधी चाचणीचे खड्डे घेऊन खडक आत किती निर्दोष आहे ते पाहायचं. वरचा भेगाळलेला थर काढून टाकायचा.

२. गेरूच्या रेघांनी आकार आखायचा आणि त्याभोवती माणूस बसू शकेल असा, साधारण ७५ सेंटिमीटर रुंद चर खणायचा. हत्यार एकच: डोलेराइट या आणखी चिवट दगडाचा, सरासरी पाचेक किलोचा गोळा. तो दोन्ही हातांनी उचलून आपटायचा. ग्रॅनाइट फुटत नाही, त्याचा भुगा होतो; तो सतत झाडून काढावा लागतो, नाहीतर घाव भुग्यातच मुरतो. चराच्या भिंतीवरच्या उभ्या लाल रेघा म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची हद्द. १९२०च्या दशकात एंगलबाक या अभ्यासकाने स्वतः तासभर ठोकून पाहिलं, तेव्हा जेमतेम ५ मिलिमीटर खोली मिळाली. तरीही हातशेप्सुत या इजिप्तच्या राणीच्या, कर्नाकच्या मंदिरातल्या ओबेलिस्कवरचा लेख खाणकामाला सात महिने लागल्याचं सांगतो.

(लाकडी पाचरी भिजवून खडक फोडल्याची गोष्ट सोडून द्या. खाणीत दिसणाऱ्या पाचरींच्या खाचा नंतरच्या काळातल्या आहेत.)

३. चर पुरेसा खोल झाला की दोन्ही बाजूंनी पोटाखाली ठोकत जायचं आणि मोकळ्या झालेल्या जागी टेकू देत राहायचं.

४. सुटा झालेला दगड लाकडी घसरगाडीवर चढवून ओढायचा. वाळवंटात पुढची वाळू भिजवायची, पण बेतानेच. कोरडी वाळू गाडीपुढे ढिगासारखी साचते, फार ओली झाली तर ढिली पडते. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या प्रयोगात योग्य ओलाव्यावर ओढण्याचा जोर निम्म्यावर आला. जेहुतीहोतेप या प्राचीन इजिप्तमधल्या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रातही गाडीच्या टोकाला उभा राहून एकजण पाणी ओततो आहे.

आस्वानचा दगड मात्र घसरगाडीपर्यंत पोचलाच नाही. ठोकता ठोकता त्यात तडे दिसले. कारागिरांनी त्याच दगडावर लहान ओबेलिस्कची नवी आखणी केली, पण तडे तिच्यातही आले.