गावातलं दारूचं दुकान बंद करायचंय? आधी मतदार यादी हातात घ्या

परवाना असलेलं दारूचं दुकानही महाराष्ट्रातल्या गावाला मतदानाने बंद करता येतं. २००८ च्या शासन आदेशाने ही वाट मोकळी केली. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

सुरुवात मोर्चाने नको, यादीने करा. एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. यादीत १२०० बायका असतील, तर किमान ६०१ मतं हवीत. लग्न होऊन गेलेली लेक, वारलेली आजी, कामासाठी पुण्याला गेलेली सून, यांची नावं यादीत तशीच राहिली तर न पडलेलं प्रत्येक मत दुकानदाराच्या पथ्यावर पडतं. म्हणून घरोघरी यादी वाचा आणि वारलेल्यांची, कायमच्या गाव सोडून गेलेल्यांची नावं वगळायला फॉर्म ७ भरून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण लढाई इथेच जिंकली जाते.

मग जिल्हाधिकारी किंवा राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे अर्ज. त्याला २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. तुम्ही ४० टक्के गोळा करा. अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात, त्या दिवशी बाईने स्वतः ओळखपत्र घेऊन हजर राहावं लागतं. खुरपणीचा दिवस असला की निम्म्या बायका रानात असतात. आमच्याकडे एक आजी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदान कार्ड छातीशी धरून सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसून होत्या. अंगठा उमटवला, तेव्हाच उठल्या.

ऊसतोडीला जाणारं गाव असेल, तर टोळ्या कारखान्यावर असताना मतदान होऊ देऊ नका. तारखेसाठी आधीच लेखी मागणी करा.

दुकान बंद झालं की चोरटी विक्री डोकं वर काढते. ही भीती खरी आहे. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. म्हणून ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचा, म्हणजे चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाचा, ठराव घ्या, आणि हातभट्टीची खबर पोलीस व उत्पादन शुल्क दोघांनाही लेखी द्या, पोच घ्या.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी फिट येते. यात जीवही जाऊ शकतो. अशा घरांची यादी आधीच करा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. घरातल्या बाईला सांगा, तो 'नाटक करतोय' असं समजू नकोस. फिट आली किंवा बरळायला लागला, तर लगेच १०८ ला फोन कर.