नाटकात ओळखी करायच्या असतील तर बॅकस्टेजला उमेदवारी करा

कोल्हापुरात नाटकात शिरायचं असेल तर भूमिका मागत फिरू नका, बॅकस्टेजचं काम मागा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथल्या केंद्रावर होते. तालमी रंगल्या की प्रत्येक संस्थेला माणसं कमी पडतात. शिरकाव तेव्हाच सोपा.

शक्यतो प्रकाशयोजनेला धरून राहा. लाईटवाला एकाच हंगामात अनेक संस्थांची नाटकं करतो, त्यामुळे त्याच्या हाताखालच्या पोरालाही सगळे ओळखू लागतात. लाईटवाल्याला क्यू-शीट, म्हणजे लाईट कधी बदलायचा याची यादी, करून द्या: क्यूचा (बदलाच्या जागेचा) क्रमांक, त्याआधीचं वाक्य, कोणता लाईट, किती सेकंदांत चढवायचा किंवा उतरवायचा. पेन्सिलीनंच लिहा, रंगीत तालमीत बरंच बदलतं. त्याच रात्री सुधारलेल्या शीटचा फोटो दिग्दर्शकाला आणि संगीत वाजवणाऱ्याला पाठवा. त्या निमित्तानं तुमचा नंबर त्यांच्याकडं सेव्ह होतो. खिशात टॉर्च, खडू आणि इन्सुलेशन टेप ठेवा.

मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक दौऱ्यावर आलं की स्थानिक आयोजकाला आदल्या दिवशी विचारून सेट लावायला जा. तिसऱ्या घंटेच्या आधी कुणाशी गप्पा मारायला जाऊ नका, सेल्फी तर नकोच. सेट ट्रकमध्ये चढला की चहाला सगळे मोकळे होतात. व्यवस्थापकाशी तेव्हा बोला.

आणि स्पर्धेच्या तोंडावर दुसऱ्या संस्थेकडं उडी मारू नका. पेठांत ही बातमी तुमच्या आधी पोचते.