नोडचा वेग मोजताय? या चुका टाळा

बिटकॉइन कोअर हे बिटकॉइनचा नोड, म्हणजे त्याच्या नेटवर्कमधला संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर. त्याची नवी आवृत्ती येण्याआधी तिचे आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, चाचणीसाठी खुले होतात. लगेच ग्रुपवर 'माझा सिंक निम्म्या वेळात झाला!' असे मेसेज पडायला लागतात. सिंक म्हणजे आजवरचे सगळे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, उतरवून तपासणं. आकडा खोटा नसतो, पण नव्या कोडचं श्रेय त्यात किती, हे त्यावरून कळत नाही.

खरी गोम आहे अ‍ॅझ्यूमव्हॅलिड या सेटिंगमध्ये. 2017 मधल्या 0.14 आवृत्तीपासून सॉफ्टवेअरमध्येच एका ठरावीक ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा आकडा, घातलेला असतो. त्या ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांच्या सह्या नोड पडताळत नाही. बाकीचे नियम तपासतो. मोठ्या रिलीजच्या वेळी हा हॅश पुढे सरकवतात. म्हणजे जुन्या आवृत्तीला तपासाव्या लागणाऱ्या कितीतरी सह्या नवीला माफ असतात, आणि आपण म्हणतो नवी पळते! दोन्हींना एकच हॅश द्या. तो शून्य ठेवला तर सगळ्याच सह्या तपासल्या जातात, पण जुन्या लॅपटॉपवर त्या फंदात पडू नका.

डीबीकॅश, म्हणजे डेटाबेससाठी राखलेली मेमरी, हाही दोन्हीकडे तेवढाच हवा, आणि थांबायचा ब्लॉकही एकच. त्यासाठी स्टॉपअ‍ॅटहाइट हे सेटिंग आहे. कॅश मोठा असेल तर शेवटी बराच डेटा डिस्कवर लिहिला जातो. म्हणून घड्याळ शेवटच्या ब्लॉकला थांबवू नका, नोड पूर्ण बंद झाल्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे नोडच्या नोंदींच्या फाइलमध्ये, येईपर्यंत चालू ठेवा.

आज चांगले पीअर, म्हणजे ब्लॉक पुरवणारे दुसरे नोड, मिळाले, उद्या रखडणारे, तर तुलना कसली? फक्त पडताळणीचा वेग हवा असेल तर डिस्कवरच्याच ब्लॉकांवरून रीइंडेक्स-चेनस्टेट चालवा; त्यात तेच ब्लॉक पुन्हा पहिल्यापासून तपासले जातात. प्रून केलेल्या, म्हणजे जुने ब्लॉक पुसून टाकणाऱ्या, नोडवर मात्र ते जमत नाही. डाउनलोडही मोजायचं असेल तर घरातल्याच दुसऱ्या नोडला कनेक्ट करा.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी चाचणी संपल्यावर 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्यावी. उत्तर 0x0 आलं तर ठीक. 0x50000 आलं तर मध्येच व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेगही उतरवला गेला होता. तो आकडा सरळ टाकून द्या आणि आधी चार्जर बदला.

आता आकडे गोळा करणाऱ्यांसाठी. एकाचा वेगवान एनव्हीएमई एसएसडी, दुसऱ्याची फिरती हार्ड डिस्क; दोघांच्या तासांची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही. प्रत्येकाकडून त्याच्याच मशीनवरची जुनी-नवी जोडी मागा, आलटून पालटून चालवलेली, आणि त्यांचं गुणोत्तर घ्या. ज्याचा नोड मध्येच कोसळला तो सहसा आकडा पाठवतच नाही, म्हणून फॉर्ममध्ये 'पूर्ण झालं नाही' हा पर्याय हवाच.

नोडचा हा लॉग (डीबग लॉग) मागवताना अख्खी फाइल मागू नका. फोल्डरच्या पत्त्यात लोकांची नावं असतात, वॉलेटची नावंही सापडतात. सुरुवातीच्या आवृत्ती आणि सेटिंगच्या ओळी, पहिली-शेवटची 'अपडेटटिप' (नवा ब्लॉक जोडला की येणारी ओळ) आणि नोड बंद झाल्याची नोंद, एवढं पुरतं.