हायड्रोपोनिक्ससाठी बी रुजवताना या चुका टाळा

हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीविना पाण्यावर करायच्या शेतीचा, संच नव्याने मांडणाऱ्याचे सारे लक्ष पाइप, पंप आणि पोषणद्रावणाच्या बाटल्यांकडे असते. बी रुजवणे हे हातासरशी उरकण्याजोगे काम समजले जाते आणि पहिली खेप बहुधा तेथेच वाया जाते. मग दोष बियाण्याला दिला जातो. बियाणे जुने असू शकते हे खरे. कांदा आणि लेट्यूस यांची उगवणक्षमता तर फार वर्षे टिकत नाही. मात्र ही शंका दहा बिया ओलसर कागदात गुंडाळून ठेवल्या की त्या पिकाच्या उगवणीच्या मुदतीत फिटते. त्यांतल्या आठ-नऊ उगवल्या, तर चूक आपल्याच हातून होत आहे असे समजावे. माझा अनुभव असा आहे की ही चूक बहुतेक वेळा अतिकाळजीची असते: पाणी जास्त, खत लवकर आणि झाकण गरजेपेक्षा अधिक दिवस.

बी पाण्यात बुडवून ठेवणे

हायड्रोपोनिक्स म्हणजे पाण्यातली शेती, तेव्हा बीही पाण्यातच ठेवावे, असा समज नवख्या माणसाचा सहज होतो. रुजू लागलेले बी जोमाने श्वसन करत असते; आत साठवलेले अन्न वापरण्यासाठी त्याला प्राणवायू लागतो आणि साचलेल्या पाण्यात तो पुरेसा मिळत नाही. असे बी फुगते, मऊ पडते आणि दोन बोटांत दाबल्यास त्यातून आंबूस वासाचा लगदा बाहेर येतो. या खुणा दिसल्या तर ते गुदमरून कुजले आहे हे ओळखावे.

रॉकवूलचा (बी रुजवण्याचे माध्यम म्हणून वापरल्या जाणाऱ्या दगडी तंतूंचा) ठोकळा उचलून धरला असता त्यातून थेंब गळत राहता कामा नयेत आणि ट्रेच्या तळाशी पाण्याचे तळे नसावे. जास्तीचे पाणी काढण्यासाठी ठोकळा पिळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण पिळल्याने तंतूंमधील हवेच्या जागा दबतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. ट्रे तिरपा करून पाणी निथळू देणे पुरेसे असते. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) मूठ हलकेच दाबल्यावर एखाददुसरा थेंब आला, तर ओल योग्य आहे. कागदात बी रुजवत असाल, तर कागद भिजवून पिळून मगच बी ठेवावे. टणक सालीच्या मोठ्या बिया रात्रभर भिजवण्यास हरकत नाही, पण लेट्यूसला त्याची गरज नसते आणि बेसिलच्या बियांवर तर पाणी लागताच काही मिनिटांत असे बुळबुळीत आवरण चढते की त्या एकेक करून उचलणे अशक्य होते. त्या कोरड्याच टाकाव्यात.

बी किती खोल पेरावे याचा हिशोबही याच्याशीच जोडलेला आहे. बी त्याच्या जाडीच्या दुपटीहून फार खोल जाऊ नये. लेट्यूसच्या अनेक वाणांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे ते बी पृष्ठभागावर ठेवून नुसते टेकवावे. लेप दिलेल्या गोळीसारख्या बियांचा लेप पाणी पिऊन फुटला पाहिजे. तो कोरडा राहिला तर आतले बी तसेच पडून राहते.

माध्यम न धुता, न भिजवता वापरणे

नवे रॉकवूल अल्कधर्मी असते. ते सुमारे 5.5 सामू (pH) असलेल्या पाण्यात काही तास भिजवून घ्यावे. सामू 5 च्या खाली नेऊ नये. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून निथळणाऱ्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) उतरेपर्यंत ते धुवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण बी टाकल्यानंतर ते करता येत नाही.

सर्व बियांना एकच तापमान देणे

लेट्यूस आणि मिरची एकाच ट्रेमध्ये पेरणे ही नेहमीची चूक आहे. लेट्यूस 15 ते 20 अंश सेल्सियसला उत्तम रुजते आणि दोन-चार दिवसांत दिसू लागते, तर मिरचीला 25 ते 28 अंशांची ऊब लागते आणि ती एक ते दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक वेळ घेते. तापमान 28-30 अंशांच्या वर गेले की लेट्यूसच्या बऱ्याच वाणांचे बी मरत नाही, पण रुजायचे थांबते. अशा वेळी पाणी वाढवण्यात काही अर्थ नसतो. ओलसर कागदात गुंडाळलेले बी दोन-तीन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून मग थंड जागी पेरले, तर बहुधा काम होते. मिरचीच्या बाबतीत पाचव्या दिवशी माध्यम उकरून पाहणे हा शुद्ध उतावीळपणा आहे. त्यात नुकते फुटलेले मूळ तुटते.

मूलरोमांना बुरशी समजणे

सुरुवातीच्या काळात मी कागदात रुजत घातलेली मुळ्याची एक संपूर्ण खेप फेकून दिली होती, कारण प्रत्येक मुळाभोवती पांढरी शुभ्र लव दिसत होती आणि ती बुरशी असल्याची माझी खात्री झाली होती. ती लव म्हणजे मूलरोम होते, अर्थात पाणी शोषणारे अतिसूक्ष्म केस. फरक ओळखणे सोपे आहे. मूलरोम मुळाच्या टोकापासून थोड्या अंतरावर, सर्व बाजूंनी सारखे आणि फक्त मुळावरच असतात. पाण्याचा बारीक फवारा मारला की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचे जाळे बियाच्या सालीवर, कागदावर, कोठेही पसरते, शेजारच्या बीपर्यंत पोहोचते आणि फवाऱ्यानंतरही दिसत राहते.

कागदातले बी माध्यमात हलवण्यासाठी मूळ अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे असतानाच मुहूर्त गाठावा. ते कागदात घुसले की ओढताना तुटते. चिमट्याने साल धरावी, मुळाला स्पर्श करू नये आणि मुळाचे टोक खाली ठेवावे. अंकुर वर आल्यावर कधी कधी बियाची साल बीजपत्रांवर टोपीसारखी अडकून बसते. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून ती मऊ होऊ द्यावी, कोरडी असताना ओढून काढू नये.

झाकण ठेवणे आणि प्रकाश उशिरा देणे

पारदर्शक झाकण ओल टिकवण्यासाठी असते. निम्म्याहून अधिक बिया वर आल्या की ते दिवसातून काही वेळ सरकवावे आणि एक-दोन दिवसांत पूर्ण काढावे. आत कोंडलेल्या दमट, स्थिर हवेत रोपे कोलमडण्याचा रोग फार वेगाने पसरतो. पिथियम आणि रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक त्याला जबाबदार असतात. खोड माध्यमाच्या पृष्ठभागाशी दोऱ्यासारखे बारीक होते आणि सकाळी ताठ उभे असलेले रोप संध्याकाळी आडवे झालेले दिसते. असे रोप वाचत नाही. ते ठोकळ्यासह काढून टाकावे, हवा खेळती ठेवावी, माध्यमाचा पृष्ठभाग थोडा सुकू द्यावा आणि पुढच्या खेपेपूर्वी ट्रे निर्जंतुक करून घ्यावा.

प्रकाशाच्या बाबतीत एक दिवसाची दिरंगाईदेखील दिसून येते. अंकुर वर येताच दिवा चालू हवा. साधी एलईडी नळी रोपांपासून 15 सेंटिमीटरच्या आसपास ठेवून रोज 14 ते 16 तास प्रकाश द्यावा. दिवा अधिक प्रखर असेल, तर अंतर वाढवावे. खिडकीतल्या एकांगी उजेडात रोपे लांब, फिकट आणि वाकडी होतात. एकदा लांबलेले खोड आखूड होत नाही. टोमॅटोचे लांबट रोप पुनर्लावणीच्या वेळी खोलवर लावता येते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. लेट्यूसच्या बाबतीत हा उपाय करू नये, कारण त्याचा गाभा ओलाव्यात गाडला गेला की कुजतो. मंद पंख्याची झुळूक खोडे मजबूत करते आणि रोगालाही आळा घालते, म्हणून मी ती झाकण निघाल्याच्या दिवसापासून सुरू ठेवतो.

पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रेचे द्रावण देणे

बीजपत्रे उघडेपर्यंतचे अन्न बीमध्येच असते, त्यामुळे तोवर साधे पाणी पुरते. बीजपत्रे पूर्ण उघडल्यावर ईसी 0.5 mS/cm च्या आसपास ठेवून आरंभ करावा, खरी पाने आल्यावर ती 0.8 ते 1.0 पर्यंत न्यावी आणि सामू 5.5 ते 6.5 या पट्ट्यात राखावा. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळू लागल्या, तर मात्रा जास्त झाली आहे. उलट बीजपत्रे पिवळी पडली आणि खरी पानेही फिकट असतील, तर रोप उपाशी आहे. साध्या पाण्यावर दोन आठवडे ठेवलेल्या रोपांची हीच अवस्था होते. उघड्या ओल्या ठोकळ्यावर प्रकाश व पोषण दोन्ही मिळाले की शेवाळ धरते. ते रोपाला थेट मारत नाही, पण बारीक चिलटांना आमंत्रण देते, म्हणून पृष्ठभाग झाकावा आणि पाणी शक्यतो खालून द्यावे.

पुनर्लावणीची वेळ चुकणे

दोन-तीन खरी पाने आली आणि मुळे ठोकळ्याच्या तळातून बाहेर डोकावू लागली, की रोप संचात हलवावे. एका ठोकळ्यात दोन रोपे असतील, तर कमकुवत रोप कात्रीने बुंध्याशी कापावे. उपटल्यास दुसऱ्याची मुळे हलतात. मातीतले रोप धुऊन लावण्याची युक्ती टाळलेली बरी, कारण धुताना बारीक मुळे तुटतात आणि मातीबरोबर रोगही टाकीत येतो.

साठवण टाकीच्या संचात पाण्याची पातळी सुरुवातीला नेट पॉटच्या (रोप ठेवण्याच्या जाळीदार कुंडीच्या) तळाला जेमतेम टेकेल इतकी ठेवावी. मुळे काही सेंटिमीटर खाली उतरली, की पातळी तेवढी कमी करावी, म्हणजे वरच्या मुळांना हवा मिळते. पहिल्या दिवशी पाने थोडी मलूल झाली, तर प्रकाश कमी करून एक रात्र वाट पाहावी. दुसऱ्या दिवशीही ती उभारली नाहीत, तर नेट पॉट उचलून ठोकळ्याचा तळ ओला आहे का ते पाहावे. पुष्कळदा तो पाण्यापासून बोटभर वर राहिलेला असतो.