स्पोर्ट्स कारचा उंबरठा ओरखड्यांपासून कसा वाचवावा: खरी मेख कोपऱ्यात आहे

स्पोर्ट्स कारची सीट जमिनीला टेकल्यासारखी खाली असते आणि तिच्या बाजूला दाराचा उंबरठा असतो चांगला रुंद. आत बसून मागे राहिलेला पाय ओढून घेताना बुटाची टाच त्या उंबरठ्याच्या वरच्या कडेवर घासते. उतरताना तीच टाच पुन्हा तिथेच टेकते. आधी काळपट डाग दिसतात, मग बारीक रेघा, आणि शेवटी रंगाची चमक गेलेला हातभर पट्टा.

हा उंबरठा हौसेसाठी रुंद केलेला नसतो. गाडीची बरीचशी ताकद त्यातच असते. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये नळ्यांची चौकट दोन्ही बाजूंना इतकी उंच आली, की नेहमीसारखी दारं बसेनात, म्हणून ती छताकडे उघडणारी केली. १९९६ साली आलेल्या लोटस एलिसची चौकट अॅल्युमिनियमचे पोकळ भाग एकमेकांना चिकटवून केलेली होती, आणि तिच्याही बाजू तशाच रुंद. त्यामुळे ‘जरा जपून पाय टाका’ हा सल्ला महिनाभरही टिकत नाही. पाय लागणारच. तिथे थर हवा.

आणि थर म्हणजे पीपीएफ, रंग वाचवणारी पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे रंगावर पुसून लावायच्या द्रव लेपाने, टाचेचे ओरखडे थांबतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याने धूळ लवकर निघते, पण टाच अडत नाही. पीपीएफ साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि दाब आला की दबून पुन्हा वर येते. कार्बन फायबरच्या नक्षीचा विनाइल स्टिकर पातळ असतो, टाच बसली की फाटतो. वरून चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना माझा ठाम विरोध आहे. त्यांच्या कडेखाली वाळू शिरते आणि प्रत्येक पावलागणिक ती वाळू रंगावर घासली जाते. मी अशा पट्ट्या काढल्या, तेव्हा खालचा रंग न झाकलेल्या भागापेक्षा वाईट झालेला होता.

तयारी नेहमीचीच: धुणं, क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ उचलणारी मऊ वडी, फिरवणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. फक्त दाराचं रबरी बीडिंग विसरू नका. त्याला कधी सिलिकॉनचं पॉलिश लावलं असेल तर ते पाझरून उंबरठ्याच्या आतल्या कडेवर आलेलं असतं, आणि त्यावर कुठलाही गोंद धरत नाही. बीडिंग बोटाने मागे धरून त्याखालची कड दोनदा पुसा, दर वेळी नव्या कापडाने. आतलं प्लास्टिकचं ट्रिम मात्र उचकटू नका, त्याखालून बऱ्याच गाड्यांत सीट आणि एअरबॅगच्या वायरी जातात. उंबरठा नुकताच रंगवून घेतला असेल तर महिनाभर थांबा.

कागद आणि मास्किंग टेपने उंबरठ्याचा साचा घ्या. कड बीडिंगच्या तीन मिलिमीटर अलीकडे थांबवा, सगळे कोपरे गोल करा आणि फिल्म टेबलावर कापा. गाडीवर ब्लेड लावायचं नाही. एकदा मी हे काम बाहेर दिलं होतं. त्या कारागिराने फिल्म आधी चिकटवली आणि जादाची कड उंबरठ्यावरच कापली. वर्षभराने फिल्म काढली तेव्हा खाली रंगातून प्राइमरपर्यंत गेलेली सरळ रेघ होती. ज्या ओरखड्यांच्या भीतीने फिल्म लावली, त्या सगळ्यांहून ती रेघ खोल होती.

आता तो कोपरा. उंबरठ्याचा आडवा भाग सोपा असतो. पण पुढच्या काचेलगतच्या खांबाच्या पायथ्याशी तो एकाच वेळी आत आणि वर वळतो, आणि तिथे बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. माझ्या पहिल्या तीन गाड्या इथेच फसल्या. मी सपाट भागापासून सुरुवात करायचो, फिल्म कोपऱ्याकडे ताणत न्यायचो, हीट गनने (गरम हवेच्या यंत्राने) गरम करून स्क्वीजीने, म्हणजे पाणी बाहेर ढकलायच्या सपाट पट्टीने, खोलगट भागात दाबायचो. संध्याकाळी काम काचेसारखं दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात नखाएवढा फुगवटा आलेला असायचा, तिसऱ्या दिवशी कड सुटायची, आणि उघड्या गोंदावर धूळ बसली की पुढे काही उपाय उरायचा नाही. मग मी आणखी ताणायचो, आणखी गरम करायचो, आणखी जोराने दाबायचो. तिन्ही गोष्टी उलट्या होत्या.

ही फिल्म लवचिक असते. खोलगट भागावर ताणून दाबली की ती चिकटते खरी, पण रात्रभर मूळ आकाराकडे परत ओढत राहते, आणि कोवळा गोंद त्या ओढीपुढे हरतो. म्हणून खळग्यात फिल्म सैल बसली पाहिजे. ताण द्यायचाच तर बाहेर फुगलेल्या कडेवर द्या, तिथे ताणाने फिल्म पृष्ठभागावर आवळली जाते.

यासाठी क्रम उलटा करा. दोन बाटल्या भरा: एकीत लिटरभर पाणी आणि बेबी शॅम्पूचे तीन-चार थेंब, दुसरीत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी. शॅम्पूच्या पाण्यावर फिल्म सरकते, अल्कोहोलच्या पाण्यावर पकडते. आधी शॅम्पूचं पाणी मारून फिल्म जागेवर आणा, मग कोपऱ्याकडची बाजू वीतभर उचलून फक्त तिथे अल्कोहोलचं पाणी मारा. खळग्याच्या तळाला फिल्म अंगठ्याने टेकवा, न ओढता, आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग तळापासून बाहेर सरका, एकेक बोट. अल्कोहोल ओलं असताना हीट गन जवळ आणायची नाही, ते पेट घेतं. बाटलीही लांब ठेवा.

ताण राहिला आहे का हे अंगठा सांगतो. दाबून पटकन सोडा. फिल्म अंगठ्यामागोमाग वर आली तर ताण आहे, परत उचला. कडेला चुणी पडली तर ती दाबून मोडायचा मोह टाळा. चुणी म्हणजे जादा फिल्मला जायला जागा नाही. वीतभर उचला, जादा भाग दोन्हीकडे वाटून द्या, पुन्हा टेकवा. चार-पाचदा उचलल्याने ओली फिल्म खराब होत नाही.

आणि खळगा खूपच खोल असेल तर एकच तुकडा बसवण्याचा हट्ट सोडा. कोपऱ्याचा तुकडा वेगळा, आडव्या भागाचा वेगळा, जोड खळग्याच्या थोडा अलीकडे सपाटीवर. अखंड फिल्म म्हणजेच चांगलं काम असं अनेकजण मानतात. मी मानत नाही. जोड हातभर अंतरावरूनही दिसत नाही, सुटलेला कोपरा मात्र दार उघडताच दिसतो.

सपाट भाग मधून कडेकडे स्क्वीजी फिरवून संपवा. पाण्याचे बारीक फुगे आठवड्याभरात जातात, हवेचे जात नाहीत, ते लगेच काढा. दार काही तास उघडंच ठेवा, नाहीतर बीडिंग ओली कड सरकवतं. दिवसभर पाय टेकवू नका, आठवडाभर प्रेशर वॉशर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च तिरपा धरून कोपरा बघा. कड जराशी उचललेली पण गोंद स्वच्छ असेल, तर हाताला सोसेल इतकीच गरम करा, दाबा आणि थंड होईपर्यंत अंगठा काढू नका. आत धूळ दिसली तर दाबू नका. तो तुकडा गरम करून, कड जवळजवळ मागे दुमडून सावकाश ओढून काढा, गोंदाचा अंश पुसा आणि जपून ठेवलेल्या साच्यावरून नवा कापा.