जुन्या ब्रिटिश स्थानकाचा मूळ रंग कसा शोधावा

ब्रिटनमधील जुन्या स्थानकाला मूळ रंग द्यायचा असेल, तर आधी कोणत्या काळाचे रूप हवे ते ठरवावे, कारण 1923 पूर्वीची मूळ कंपनी, त्यानंतरच्या चार मोठ्या कंपन्या आणि 1948 पासूनची सरकारी रेल्वे यांच्या रंगसंगती वेगवेगळ्या होत्या. ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे फिकट व गडद दगडी रंग प्रसिद्ध आहेत. 1948 नंतर स्थानकाच्या फलकांवर रेल्वेच्या त्या त्या विभागाचा रंग आला, म्हणजे दक्षिण विभागाला हिरवा, स्कॉटलंड विभागाला फिकट निळा.

कागदोपत्री पुराव्यापेक्षा लाकडावरचा पुरावा अधिक भरवशाचा असतो. छताखालची पट्टी किंवा दाराच्या चौकटीचा कोपरा, म्हणजे जिथे ऊन-पाऊस कमी पोहोचला अशी जागा, निवडावी आणि बारीक पॉलिश पेपर ओला करून गोलाकार घासावे. रंगाचे थर झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे एकामागून एक उघडे पडतात. जुन्या रंगात शिसे असते, त्यामुळे कोरडे घासणे कटाक्षाने टाळावे. सर्वांत खालचा तांबडा थर बहुधा शेंदराचा अस्तररंग असतो, त्याला मूळ रंग समजू नये. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळट पडतो. म्हणून उघडा केलेला थर काही दिवस उजेडात राहू द्यावा आणि मगच मन्सेल रंगपट्टीशी, म्हणजे रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी, ताडून पाहावा.

कृष्णधवल छायाचित्रांवर मात्र फार विसंबू नये. छायाचित्रणाच्या जुन्या काचपट्ट्यांवर तांबडा काळपट आणि निळा पांढुरका उमटत असे.